चार ताटल्यांची पंगत

या, असे जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरकावं. लांबून ऐकलेली गोष्ट अर्धीच पोचते, आणि उरलेली अर्धी माणूस आपल्या मनाने रचतो. आज एक गोष्ट सांगतो, मांजरांच्या जेवणाची. हसू नका. गोकुळात देव शिंक्यावरचं लोणी काढत होता, तेव्हा खाली मांजरं तोंड वर करून बसली नसतील असं वाटतं का तुम्हाला? कथेकऱ्यांनी त्यांची नावं घेतली नाहीत, एवढंच. आपण आज घेऊ.

सांडोरच्या अंगाला, केळीच्या वाड्या संपून जिथे इमारती लागतात, तिथे तळमजल्यावर यमुनाबाई राहत. मूळच्या देवगडकडच्या. श्रीरंगराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मुलगी सासरी पुण्याला, आणि घरात उरलेली दोन माणसं नि दोन मांजरं. यमुनाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घातल्यापासून मासळीला त्यांचा हात लागला नव्हता. कीर्तन मात्र कुठेही असो, नालासोपाऱ्याला असो की नायगावला, बाई पहिल्या रांगेत. श्रीरंगराव म्हणायचे, "हिला रात्री झोपेत हाक मारली तर 'ओ' म्हणत नाही, 'विठ्ठल' म्हणते."

मांजरांची नावंही त्याच वळणाची. म्हातारी, पुढचे दात गेलेली, ती शबरी. आणि जाडजूड पिवळा बोका, तो नारद. त्याचं नाव नारद ठेवलं कारण तो तिन्ही लोकी हिंडायचा. तिसऱ्या मजल्यावर दूध, पहिल्यावर चपाती, वाण्याकडे खोबरं, आणि मग घरी येऊन उपाशी असल्याचा असा गळा काढायचा की शेजारणी विचारायच्या, "काकी, बोक्याला जेवायला देत नाही का हो?"

इमारतीच्या मागच्या कुंपणापलीकडे सालोमीबायचं जुनं कौलारू घर होतं. पुढे ओटा, बाजूला विहीर, मागे केळी. तिचा नवरा बर्नार्ड वाडी करायचा. तो देवाघरी गेल्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मुलगी अमिषा मस्कतला, मुलगा ग्लेन वांद्र्याला एका परदेशी साहेबाच्या घरी आचारी. साहेबाची बदली झाली. त्याची मांजरी विमानाने गेली, आणि तिची दोन पिल्लं ग्लेनच्या पदरात पडली. ग्लेनने ती आणून आईच्या पदरात घातली आणि आपण बोटीवर नोकरीला निघून गेला.

पिल्लं कसली! कानांवर केसांचे तुरे, शेपट्या केरसुणीएवढ्या, आणि पंजे असे की दुसऱ्या कुणाचे उसने घालून आल्यासारखे.

सालोमीबायने बोक्याचं नाव ठेवलं बर्नार्ड आणि मांजरीचं इझाबेल.

"अगं, नवऱ्याचं नाव मांजराला?" यमुनाबाईंनी कुंपणावरून विचारलं होतं.

"मग काय करू? मिश्या तशाच. भूक तशीच. आणि जेवायला बोलावलं की आधी 'नको' म्हणतो, ते पण तस्संच."

"आणि इझाबेल कोण?"

"ती माझी सासू," सालोमीबाय शांतपणे म्हणाली. "तीस वर्षं मला तिचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. आता दिवसभर ओरडते, इझाबेल, इकडे ये! इझाबेल, टेबलावरून उतर!"

तर झालं असं, की दोन हजार सात सालचे गणपती उरकले आणि मस्कतहून अमिषाचा फोन आला. आठवा महिना लागला होता, बाळंतपणाला आई हवी होती. सालोमीबायने बॅग भरली, आणि एका वेताच्या टोपलीत दोन्ही पिल्लं घालून ती यमुनाबाईंच्या दारात उभी राहिली. तेव्हा पिल्लं चारेक महिन्यांची होती आणि दोघं मिळून त्या टोपलीत ऐसपैस मावत होती.

"यमुनाताई, नाताळच्या आधी येते. तोवर तुझ्याकडे. दुसऱ्या कुणाकडे ठेवायचा जीव होत नाही."

"निर्धास्त जा. येशील तेव्हा ओळखू येणार नाहीत, एवढी मोठी करून ठेवते."

सालोमीबायने बर्नार्डच्या डोक्यावरून हात फिरवला. नवरा गेल्यावर रिकाम्या घरात ज्याला हाक मारायची, तो या टोपलीत होता, हे यमुनाबाईंना न सांगता कळलं. म्हणून तो शब्द त्यांनी देवासमोर दिल्यासारखा दिला. आणि हीच, मंडळी, आपल्या गोष्टीची गाठ. शब्द दिला होता मोठी करून ठेवायचा. पण...

थांबा, आधी पंगतीचं सांगायला हवं.

त्याच गणपतीत देवळात बुवांचं कीर्तन झालं होतं. बुवांचा विषय पंक्तिभेद. एका ओळीत बसलेल्यांत एकाला तूप आणि एकाला तेल वाढणारा माणूस देवाच्या दारात कसा उपाशी उभा राहतो, ते त्यांनी असं रंगवून सांगितलं की टाळकऱ्यांचेही डोळे भरले. यमुनाबाई तर हमसून रडल्या. त्याला कारण होतं. त्या मामाकडे वाढल्या. तिथे मामेभावांच्या पानात सायीचं दही पडायचं आणि त्यांच्या पानात ताक. ताकाचं दुःख नव्हतं, देवगडच्या उन्हात ताक गोडच लागतं. पण वाढणारा हात आपल्यापाशी येऊन बदलतो, हे त्यांनी सहा वर्षांच्या असताना पाहिलं होतं आणि सत्तरीला आल्या तरी विसरल्या नव्हत्या. त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं, आपल्या घरच्या पंगतीत कधी दुजाभाव होणार नाही.

आता घरची पंगत म्हणजे कोण? श्रीरंगराव आणि मांजरं.

सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघराबाहेरच्या गॅलरीत चार ताटल्या ओळीने मांडल्या जात. पाचूबंदरची कोळीण लुईझा टोपलीतून मांदेली नाहीतर बोंबील आणून देई. श्रीरंगराव ते मीठमसाल्यावाचून उकडत, काटे काढत, थोड्या भातात कालवत आणि पळीने वाढत. यमुनाबाई मासळीला शिवत नसत, पण नाकाला पदर लावून दारात उभ्या राहत आणि न्यायनिवाडा करत.

"अहो, शबरीच्या ताटलीत जास्त गेलं."

"अगं, पळीला चिकटलेलं पडलं."

"काढा. आणि इझाबेलला घाला. तिच्या कडेला कमी दिसतंय."

"इझाबेलला कमी, नारदाला जास्त! टपाल खात्यात सुद्धा इतकी काटेकोर वाटणी नव्हती."

"म्हणून तर पत्रं उशिरा पोचत होती."

चौघांना सारखं. अगदी सारखं. म्हाताऱ्या शबरीला जेवढं, तेवढंच वाढत्या बर्नार्डला. तीन घरी जेवून आलेल्या नारदाला जेवढं, तेवढंच इझाबेलला. यमुनाबाई चार ताटल्यांकडे पाहून समाधानाने हात जोडत. वर कुठेतरी मामाच्या घरचं ते ताक त्या दिवसापुरतं गोड होत असावं.

आणि मग पंगत बसली की काय व्हायचं? शबरी आपली दोन घास चिवडायची आणि उन्हाला जाऊन बसायची. इझाबेल, सासूचं नाव सार्थ करत, स्वतःची ताटली चाटूनपुसून लख्ख करायची आणि शबरीच्या उरलेल्यावर जायची. तिथे नारद आधीच पोचलेला असायचा. नारद स्वतःचं, शबरीचं, आणि शेवटी बर्नार्डच्या ताटलीपाशी यायचा. आणि बर्नार्ड? तो बाजूला सरकायचा. चक्क सरकायचा. भांडण नाही, फिसकारणं नाही. दोन पावलं मागे जाऊन गॅलरीच्या गजांतून बाहेरच्या केळींकडे बघत बसायचा, जणू जेवणाचा विषयच निघाला नव्हता.

"बघा किती समाधानी जीव," यमुनाबाई म्हणायच्या. "पोट भरलं की उठतो. माणसांनी शिकावं."

दसरा गेला, दिवाळी आली. नारद दाराच्या फटीतून जाईना. आणि पिल्लांचे पाय लांबले, कान लांबले, शेपट्या लांबल्या, पण अंगावर मांस म्हणून चढेना. केस दाट, म्हणून आधी कळलं नाही. कळलं ते लुईझामुळे. तिने एक दिवस टोपली उतरवली, बर्नार्डला एका हाताने उचललं आणि म्हणाली, "काकी, ह्यो बोका हाय का निस्ता पिसारा? आत कायच नाय!"

"असं नको म्हणू. चौघांना सारखं मिळतं."

"सारखा? माज्या घरात माज्या सासूला नि माज्या पोराला सारखा वाढला, तर सासू फुटंल नि पोरगा पळून जाईल," लुईझा हसत म्हणाली आणि मांदेलीचा वाटा टाकून पुढच्या दारी गेली.

यमुनाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण रविवारी मस्कतहून फोन आला. अमिषाला मुलगी झाली होती, सालोमीबाय आनंदात होती, आणि नातीचं वजन सांगून झाल्यावर तिने विचारलं, "माझा बर्नार्ड केवढा झाला?"

यमुनाबाईंनी गॅलरीकडे पाहिलं. बर्नार्ड केळींकडे बघत बसला होता.

"लांब झालाय," त्या म्हणाल्या. "फार लांब झालाय."

खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर माळेवरचा हात निघेना. श्रीरंगरावांनी पेपरातून डोकं वर काढलं. "लांब झालाय म्हणे! उद्या मी गेलो तर पोरीला सांगशील, बाबा आडवे झालेत."

दुसऱ्या दिवशी दोघांनी पिल्लांना स्टेशनजवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर जितेश तरुण, हसरा. बर्नार्डला पाहून त्याचे डोळेच मोठे झाले. त्याने वजन केलं, तोंड उघडून दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला.

"आजी, ही मोठ्या जातीची पिल्लं आहेत. आपलं गावठी मांजर वर्षाच्या आत पुरं वाढतं. ही अजून दोन-अडीच वर्षं वाढत राहणार. हाडं वाढतात, म्हणून भूकही तशी. किती देता?"

श्रीरंगरावांनी पळी दाखवावी तसा हात करून सांगितलं.

"आणि घरच्या मोठ्या मांजरांना?"

"तेवढंच," यमुनाबाई अभिमानाने म्हणाल्या.

डॉक्टरने कपाळाला हात लावला नाही, एवढीच त्याची सभ्यता. "वाढत्या पिल्लाला त्याच्या अंगाच्या मानाने मोठ्या मांजरापेक्षा दुपटीने लागतं, आजी. ह्यांना दिवसातून तीन-चारदा द्या. एकदम डोंगर नको, पोट बिघडेल. थोडं थोडं, पण पुरेसं. भात कमी, मासळी जास्त, अधूनमधून अंडं. आणि बरगड्यांवरून हात फिरवत जा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण मोजता येता कामा नयेत. मोजता आल्या तर वाढवा, लागल्याच नाहीत तर कमी करा."

"आणि नारदाला?"

"नारद कोण?"

"घरचा बोका. गुबगुबीत आहे जरा," श्रीरंगराव म्हणाले. "त्याच्या बरगड्या शोधायच्या तर सरकारी परवानगी लागेल."

"मग त्याचं निम्मं करा. आणि म्हातारीला वेगळं बसवून मऊ करून द्या. ह्या दोघांनी आत्ता नीट खाल्लं नाही तर हाडं कच्ची राहतील. नंतर कितीही घातलं तरी ते दिवस परत येत नाहीत."

रिक्षा घराजवळ आल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, "मुलगा गुणी आहे. पण एका ओळीत बसलेल्या चौघांना चार तऱ्हेने वाढायला सांगतो. हे पाप माझ्याकडून होणार नाही."

"अगं, मांजरं आहेत ती. त्यांनी कुठे पंक्तिभेदाचं कीर्तन ऐकलंय?"

"त्यांनी नाही, मी ऐकलंय."

श्रीरंगरावांनी एक दोनदा चोरून पिल्लांना जास्त घालायचा प्रयत्न केला, पण बाईंचा पदर नाकाला असला तरी डोळे उघडे होते. शेवटी एक तडजोड निघाली. सगळ्यांचंच वाढवायचं, सारखं. पिल्लांना दुप्पट, तर नारदालाही दुप्पट. आठवड्याभरात नारदाला गॅलरीच्या पायरीवर चढताना मध्ये विसावा घ्यावा लागू लागला. बर्नार्डच्या ताटलीत आता जास्त पडत होतं, आणि ते नारद खात होता.

एका संध्याकाळी यमुनाबाईंनी डॉक्टरने सांगितला तसा बर्नार्डच्या कुशीवरून हात फिरवला. दाट मऊ केस, आणि त्यांच्याखाली पेटीच्या पट्ट्यांसारख्या एक एक बरगड्या. बोटं आपोआप एकीवरून दुसरीवर जात राहिली. बर्नार्ड घुरघुरत होता. सालोमीला काय तोंड दाखवायचं? आणि पंगत मोडली तर देवाला काय दाखवायचं? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. श्रीरंगरावांनीही त्या दिवशी थट्टा केली नाही.

पुढे कार्तिकातला सप्ताह आला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची शिळी भाकरी, कुणाचा दहीभात, देवाने सगळं एकत्र कालवलं आणि हाताने भरवलं, ते बुवा सांगत होते. बुवांबरोबर त्यांची नात क्षितिजा टाळ घेऊन उभी होती. तेरा-चौदा वर्षांची, शेवग्याच्या शेंगेसारखी वाढलेली, आणि आवाज असा की शेवटच्या चालीला कळसावरचं पाखरू उडावं. रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावरही नेहमीप्रमाणे लोक बसले होते. देवळात यायला संकोचणारे, येता-जाता थांबलेले, कुठल्या कुठल्या धर्माचे. कीर्तन सगळ्यांना ऐकू जात होतं.

मग दहीहंडी फुटली, आणि महाप्रसादाच्या पंगती बसल्या. यमुनाबाईंकडे भाताचं काम. पदर खोचून, कमरेवर भाताचं पातेलं घेऊन त्या निघाल्या. पहिल्या फेरीला प्रत्येकाच्या पत्रावळीवर एक एक मूद. सारखी. मग वरण आलं, बटाट्याची भाजी आली, बुंदी आली. दुसऱ्या फेरीला म्हातारी मंडळी हात आडवे धरू लागली. बुवांनी तर पत्रावळीवर दोन्ही हात ठेवले. "पुरे, यमुनाबाई. आता माझ्या पोटात पांडुरंगालाही जागा नाही."

त्यांच्या शेजारी क्षितिजा. मान खाली, पत्रावळ लख्ख. यमुनाबाईंनी वाढलं. पुन्हा फेरी आली, पुन्हा लख्ख. पुन्हा वाढलं. चौथ्यांदा आल्या तेव्हा पोरीने मान वर केली, पातेल्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि लाजून म्हणाली, "नको."

"नको काय नको!" यमुनाबाई म्हणाल्या. "लाजतेस कशाला? वाढतं वय आहे. हाडं धरायचे दिवस. घे अजून एक मूद. आजोबांच्या मापाने जेवलीस तर टाळ कोण वाजवणार?"

आणि मूद हातातून पत्रावळीवर पडता पडता बाई जागच्या जागी थांबल्या.

पातेलं कमरेवर, उलथनं हवेत, मागे वरणवाला खोळंबलेला. ओळीत बुवांच्या पानात एक मूद, पोरीच्या पानात चौथी. एकच पंगत, एकच भात, एकच हात. आणि त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं की आपण पाप करतोय. उलट, आग्रह केला नसता तर पाप वाटलं असतं.

बुवांनी वर पाहिलं. "काय झालं हो? आमच्या क्षितिजाची धास्ती घेतलीत? अजून दोन मुदींत आटपेल ती."

"बुवा," यमुनाबाई खाली वाकून कुजबुजल्या, "माझ्याकडे चार मांजरं आहेत."

बुवांनी बुंदीचा घास तसाच हातात धरला. चाळीस वर्षांच्या कीर्तनात त्यांना पंगतीत कुणी हे सांगितलं नसावं. पण यमुनाबाईंनी भाताचं पातेलं मांडीशी टेकवून सगळं सांगितलं. गणपतीतलं कीर्तन, चार ताटल्या, डॉक्टर, नारदाचं पोट, बर्नार्डच्या बरगड्या. ओळीतली आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. बुवांची दाढी हलायला लागली. आधी वाटलं रडतायत, मग कळलं हसतायत.

"म्हणजे माझ्या कीर्तनाने एक बोका फुगवला आणि एक सुकवला!" ते डोळे पुसत म्हणाले. "यमुनाबाई, आत्ता मला एक मूद आणि हिला चार वाढल्यात. तुमच्या नियमाने आता तीन मुदी मला आणखी खायला घाला. मी उद्याच्या गाडीऐवजी वैकुंठाच्या गाडीने जातो."

ओळभर हशा पिकला. यमुनाबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी भाताच्या वाफेवर ढकललं. मामाच्या घरी काय बोचलं होतं, ते त्यांना इतक्या वर्षांनी नीट उमगलं. कमी मिळालं हे नव्हे. पोट भरलं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

"काकी, भात!" ओळीच्या टोकावरून हाक आली, आणि त्या पुढे गेल्या.

दुसऱ्या सकाळपासून गॅलरीतली पंगत नव्या रीतीने बसली. शबरीचं पान वर स्टुलावर, मऊ कालवलेलं, आणि ती उठेपर्यंत कुणी तिकडे फिरकायचं नाही. नारद दाराच्या आत, निम्म्या वाटणीसह, दार बंद. आत तो गात असे. "गाऊ दे," यमुनाबाई म्हणत, "नारदाचं कामच ते." पिल्लांना दिवसातून चारदा, आणि प्रत्येक वेळी दुसरी फेरी. बर्नार्ड दोन पावलं मागे सरकून केळींकडे बघायला लागला की श्रीरंगरावांनी ताटली पुन्हा त्याच्या नाकाखाली न्यायची.

"घ्या, बर्नार्डशेठ. संकोच करू नका. आपलंच घर आहे." आणि बायकोकडे वळून, "मला एवढ्या आग्रहाने तू कधी वाढलं होतंस?"

"तुमच्या बरगड्या कधी लागल्या होत्या हाताला?"

दर शनिवारी दोन्ही पिल्लांच्या कुशीवरून हात फिरवायचा. पट्ट्या हळूहळू केसांखाली, मग मांसाखाली गेल्या. इझाबेल आधी भरली. बर्नार्डला वेळ लागला, पण एकदा त्याला कळलं की दुसऱ्यांदा विचारतात, तेव्हाही त्याने मागे सरकणं सोडलं नाही, फक्त मान वळवून बघायला लागला, कोणी येतंय का. लुईझाने नाताळाच्या आदल्या आठवड्यात त्याला उचलायला हात घातला आणि दोन्ही हात लावले. "आगं बाय! काकी, आता ह्याला टोपलीत मासली नको, मासलीच्या टोपलीत ह्याला ठेवा!"

आणि सालोमीबाय आली. विमानातून उतरून थेट, बॅग ओट्यावर टाकून, वेताची टोपली हातात घेऊन. तिने बर्नार्डला टोपलीत बसवलं. पुढचे पाय बसले, मागचे बाहेर. मागचे बसवले, तर डोकं आणि शेपूट बाहेर. इझाबेलने टोपलीकडे पाहून तोंड फिरवलं.

"यमुनाताई!" सालोमीबाय म्हणाली. "मी मांजर ठेवून गेले होते. तू वासरू परत देतेस?"

"दूध काढता येत नाही, एवढंच," श्रीरंगराव म्हणाले.

दुपारच्या जेवणाची वेळ होती, तेव्हा सालोमीबायने पंगत पाहिली. शबरी स्टुलावर, नारद दाराआड गात, इझाबेल पुढ्यात. बर्नार्डने थोडं खाल्लं आणि सवयीने दोन पावलं मागे सरकून बसला.

"हा पहिल्यांदा नको म्हणतो," यमुनाबाई सांगू लागल्या. "मला वाटायचं पोट भरलं. बाई, किती दिवस वाटायचं! दुसऱ्यांदा विचारावं लागतं, तेव्हा कळतं."

सालोमीबाय हसली. मग हसणं थांबलं, पण तोंड हसतंच राहिलं.

"म्हणून तर नाव ठेवलं. तुला सांगू? माझा बर्नार्ड तुमच्या काल्याला दर वर्षी जायचा. रस्त्यापलीकडच्या त्या कट्ट्यावर बसायचा. चर्चमध्ये आमचं गायन असलं की त्यातही पुढे, आणि तुमच्या कीर्तनाला पण तेवढाच. एकदा पंगत बसली तेव्हा कुणीतरी त्याला हाक मारली, या जेवायला. तो म्हणाला, नको. पुन्हा कुणी विचारलं नाही. घरी आला नि मला म्हणाला, भाकरी टाक, कान भरले पण वरणाचा वास फार सुटला होता." तिने बर्नार्डची ताटली त्याच्यापुढे सरकवली. त्याने मान वळवून पाहिलं आणि खायला लागला. "मी चिडवायची त्याला. म्हणायची, दुसऱ्यांदा कशाला कोण विचारेल, तू काय जावई आहेस? तो म्हणायचा, अगं, दुसऱ्यांदा विचारलं असतं तर गेलो असतो."

बर्नार्डभाऊ कट्ट्यावर बसलेले यमुनाबाईंना आठवत होते. सायकल बाजूला, टोपी मांडीवर. कीर्तन संपलं की दिसेनासे व्हायचे. भात वाढायचं काम तेव्हाही यमुनाबाईंकडेच होतं.

सालोमीबाय पिल्लं घेऊन गेली, टोपलीत नव्हे, एक एक करून कडेवर. तरी रोज दुपारी दोघं कुंपणावरून उडी मारून पंगतीला हजर व्हायची. सालोमी म्हणायची, "माझ्याकडे पण जेवतात, तुझ्याकडे पण!" आणि श्रीरंगराव म्हणायचे, "नारदाचे शिष्य."

पुढच्या कार्तिकात काल्याच्या दिवशी पंगती बसल्या. यमुनाबाईंनी पदर खोचला, पातेलं कमरेवर घेतलं, आणि देवळाच्या ओळीकडे वळण्याआधी रस्ता ओलांडून कट्ट्यावर गेल्या. "चला जेवायला." लोक ओशाळून म्हणाले, नको नको, आमचं झालंय. यमुनाबाई तिथेच उभ्या राहिल्या. "बरं," त्या म्हणाल्या, "आता दुसऱ्यांदा विचारते. चला जेवायला." त्या वर्षी वाढप्यांना भात पुन्हा चढवावा लागला.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. तुमच्याकडे मांजरं असोत, नातवंडं असोत की सासू असो, वाढताना हात सारखा ठेवा आणि डोळा त्याच्या पोटाकडे. आणि एक मागणं आहे. पुढे कधी पंगतीत भाताचं पातेलं तुमच्या कमरेवर येईल, कुणीतरी पहिल्यांदा "नको" म्हणेल, आणि तुमचं पाऊल पुढे पडायला लागेल, तेव्हा क्षणभर थांबा. सांडोरच्या त्या कट्ट्यावर टोपी मांडीवर घेऊन बसलेल्या बर्नार्डभाऊंची आठवण काढा, आणि पुन्हा एकदा विचारा.